रामाजीनं ऐकलेला आवाज

प्रेमानंद खोब्रागडे हा वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. वाडीत अमरावती रोडच्या दोन्ही अंगांना जी गोदामं आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा काट्यांवर वर्षातून एकदा तरी त्याचा हात फिरतो. किराण्याच्या पोत्यांचा लहान काटा असो नाहीतर अख्खा ट्रक चढवायचा धरमकाटा, प्रेमानंद गुडघ्यावर बसतो, पत्रा उचलतो, हुंगल्यासारखा जवळ जाऊन तारा बघतो आणि सहसा दुपारच्या चहाच्या आत काटा चालू करून देतो. वय बावन्न. बोलणं कमी. आठव्या मैलाजवळ दोन खोल्यांचं घर, घरात बायको सुमती. दर पौर्णिमेला दोघं विहारात जातात. तिथं पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलापाशी आलं, की प्रेमानंदचे ओठ हलतात पण आवाज येत नाही. हे चार वर्षांपासून. शेजारी उभ्या असणाऱ्या सुमतीनं ते पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. 

ड्रोनचा नाद त्याला उतारवयातच लागला. सीताबर्डीला रोहित नावाच्या पोराचं एक छोटं दुकान आहे, मोबाइलचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात तिथं. प्रेमानंद काट्यांचे भाग घ्यायला जायचा. एकदा तिथं लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कोणाचा तरी ड्रोन उघडून ठेवला होता. प्रेमानंद तासभर नुसता बघत उभा राहिला. चार हात, चार मोटरी, मधोमध ग्लुकोज बिस्किटाएवढा एक बोर्ड. रोहितनं सांगितलं, त्याला फ्लाइट कंट्रोलर म्हणतात. ड्रोन सरळ आहे की कलला, वारा कुठून ढकलतोय, कोणत्या मोटरला किती जोर द्यायचा, हे सगळं तो क्षणाक्षणाला ठरवतो. रिमोट माणसाच्या हातात असला तरी ड्रोन उडवतो तो बोर्डच.

"म्हणजे याले काटाच समज ना गा," प्रेमानंद म्हणाला. "सारखा तोलूनच तर राहिला."

त्यानं स्वतःच्या हातानं ड्रोन बांधला. सांगाडा घेतला, मोटरी घेतल्या, कंट्रोलर मात्र कोणाच्या तरी मोडलेल्या ड्रोनमधून काढलेला, जुना वापरला. टेबलावर तपासताना तो बोर्ड दोनदा अडकला होता. दिवा नुसता लागलेला, मोटरी एकाच वेगानं चालू, आणि रिमोटचं काही ऐकेना. तार काढून परत लावली की सुरळीत. हे प्रेमानंदनं डोळ्यांनी पाहिलं होतं. एखाद्या गोदामाचा काटा असा अडकला असता तर त्यानं तो चालू करून देण्यास साफ नकार दिला असता. पण ड्रोन त्याचा स्वतःचा होता आणि त्याला उडवायची घाई झाली होती.

डिसेंबरातली एक संध्याकाळ होती. वाडीच्या पुढं गोदामं विरळ होतात तिथं एक मोकळं पटांगण आहे. तिथं ड्रोन उडवायची परवानगी नाही, हे त्याला माहीत होतं. पण दहा मिनिटांत कोण येतंय बघायला. ड्रोन छान वर गेला. डोक्याइतका, मग झाडाइतका, मग गोदामाच्या पत्र्याच्याही वर. आणि तिथं बोर्ड अडकला.

प्रेमानंदनं रिमोटवरची खाली घ्यायची कांडी ओढली. ड्रोन उतरेना. उजवीकडं, डावीकडं, काहीच नाही. चारही मोटरी एका सुरात चालू आणि वारा त्याला हलकेच रस्त्याकडं आणि खाली ढकलतोय. प्रेमानंद धावला. पटांगण संपलं, कुंपणाची तार आली, तिच्याखालून तो सरपटत निघाला. तोवर ड्रोन दिसेनासा झाला होता. आवाज तेवढा येत होता, मग तोही एकदम थांबला.

तो रस्त्यावर पोचला तेव्हा दहा-बारा माणसं गोळा झालेली होती. एक मोटरसायकल आडवी पडली होती, तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. एक माणूस डांबरावर पडलेला, एक पाय भलतीकडंच वळलेला. आणि रस्त्याच्या मधल्या दुभाजकात कण्हेरीची झाडं आहेत, त्यांतून बारीक टीं-टीं-टीं असा आवाज येत होता. ड्रोन पडला की सापडावा म्हणून त्याला एक शिट्टी लावलेली असते, ती वाजत होती. गर्दीतल्या कोणाचंच लक्ष तिच्याकडं नव्हतं. ज्याला ती ऐकू येत होती असा एकच माणूस तिथं होता.

"पिऊन असंल," गर्दीतलं कोणीतरी म्हणालं.

"हाव, पिऊनच आहे. वास येऊन राहिला ना," दुसरा म्हणाला.

प्रेमानंद वळला आणि आला तसा कुंपणाखालून परत गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो कामाच्या पिशवीसह त्या जागी आला, कण्हेरीत हात घालून ड्रोन काढला आणि पिशवीत टाकला. एक हात तुटला होता. घरी येऊन त्यानं तो पोत्यात गुंडाळला आणि पलंगाखाली सारला. तीन दिवसांनी पेपरात दोन ओळी आल्या. मालवाहू गाडीचा एक चालक कामावरून घरी जाताना मोटरसायकलवरून पडून गंभीर जखमी. नाव छापलेलं नव्हतं. जिवंत आहे एवढं कळलं. त्यापुढं प्रेमानंदनं चौकशी केली नाही.

चौकशी केली नाही, पण सुटकाही झाली नाही. सुमतीनं मिक्सर लावला की तो उठून अंगणात जायचा. गोदामात छताचा पंखा सुरू झाला की हातातला पेचकस थांबायचा. दुचाकीवरून त्या कण्हेरींपाशी आलं की त्याला टीं-टीं ऐकू यायचं. ते खरं नाही हे समजत होतं, तरी तो दरवेळी वेग कमी करून झाडीकडं बघायचा. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. हळूहळू त्यानं तो रस्ताच सोडला. गोदामांच्या मागून, खड्ड्यांतून, दोन किलोमीटरचा फेरा घेऊन तो कामाला जाऊ लागला.

"इतक्या लांबून काहून जाता?" सुमतीनं एकदा विचारलं.

"रोडवर ट्रक लय झाले," तो म्हणाला.

अशी चार वर्षं गेली.

या जानेवारीत एका बियाण्याच्या गोदामातून त्याला बोलावणं आलं. काटा अर्धा किलो जास्त दाखवत होता. फाटकावरचा चौकीदार नवा होता. पन्नाशीचा, कानाला मफलर बांधलेला, उजवा पाय ओढत चालणारा. त्यानं वहीत प्रेमानंदचं नाव लिहिलं आणि काट्यापर्यंत सोबत आला. काम चालू असताना तो बाजूला खुर्ची टाकून बसला. एकट्या माणसाला बोलायला कोणी मिळालं की होतं तसं त्याचं झालं होतं. नाव रामाजी. आधी मिनीट्रक चालवायचा, वीस वर्षं.

"मंग हे चौकीदारी काहून?" प्रेमानंदनं पत्रा उचलता उचलता विचारलं. बोलायचं म्हणून.

"पाय गेला ना साहेब. गाडीवरून पडलो. इथंच, रोडवर. चार वर्षं झाले डिसेंबरात."

प्रेमानंदच्या हातातला पत्रा खाली पडला. मोठा आवाज झाला. रामाजीला वाटलं हातातून निसटला असेल. तो पुढं बोलत राहिला.

"कंपनीवाल्यानं काढून टाकलं. म्हणे पिऊन गाडी चालवते. साहेब, मी आयुष्यात घेतली नाही. माहा बाप घेऊन घेऊन मेला, म्हणून मी शिवलो नाही. पण रोडवरचे लोक म्हणाले पिऊन होता, थेच सगळीकडं झालं."

"मंग पडले कसे?"

रामाजीनं खुर्ची जवळ ओढली. मग त्यानं मफलर सैल केला आणि आवाज उतरवला.

"तुम्ही हसान. सगळेच हासतात. मले आवाज आला. वरून. आग्यामोहोळ उठल्यावानी. मी मान वर केली त काहीतरी काळं डोक्यावर आलं. बस. तेवढंच आठवते." तो आपल्या हातांकडं बघत म्हणाला. "डॉक्टर म्हणे डोक्याले मार लागला की असं वाटते. घार असंल, म्हणे कोणी. साळा म्हणते, घेतली असंल त घेतली म्हणा, सोंग काहून करता. बायको काही म्हणत नाही, पण गप बसते. दोनदा मले बाबाकडं झाडायले घेऊन गेली. अन् तो आवाज अजून येते साहेब. झोपलो की येते. जेवताना येते. कधी कधी मलेच वाटते, घेतलीच असंल मी. आपल्याले आठवत नसंल."

प्रेमानंदनं काटा लावून दिला. वजनं ठेवली, आकडे जुळले, रामाजीनं सही घेतली. घरी येताना प्रेमानंद एका बंद टपरीच्या बाकावर अर्धा तास बसून राहिला.

सांगायला हवं होतं. तिथंच, पत्रा हातात असताना. पण त्याच्या मनात एक दुसरीच गोष्ट शिरली होती आणि ती काही केल्या जाईना. कशावरून तो आवाज आपल्याच ड्रोनचा? कशावरून खरंच घार नसेल? कशावरून याची गाडी आधी घसरली नसेल, आणि ड्रोन मागून पडला नसेल? रामाजीला तो आवाज एकदा ऐकवता आला, आणि रामाजी म्हणाला, छे, हा नाही, तर? त्या एका 'नाही'साठी प्रेमानंद काहीही करायला तयार होता.

दुसऱ्या दिवशी तो सीताबर्डीला गेला.

"काका! चार वर्षांनी?" रोहित खुर्चीवरून उठला. "मले वाटलं तुमी हा नाद सोडला."

"नवा कंट्रोलर पाह्यजे. सगळ्यात भरवशाचा असंल तो दे."

रोहितनं काचेखालून एक लहान डबी काढली. "हा घ्या. रिमोटचा संबंध तुटला, की हा स्वतःच थांबते, वर जाते, अन् जिथून उडाला तिथं येऊन उतरते. अडकला तरी स्वतःच परत चालू होते. पोरं आंधळ्यावानी उडवतात याच्यावर."

"हे आधी मिळत होतं?"

"चार वर्षांआधी? मिळत होतं ना. तुमीच म्हणाले होते, जुना आहे माह्याजवळ, काम भागते."

प्रेमानंदला ते आठवत होतं.

पलंगाखालचं पोतं त्यानं दुपारी काढलं, सुमती शेजारी बसून तुरी पाखडत असताना. चार वर्षांची धूळ. तुटलेल्या हाताच्या टोकाला मोटर लोंबत होती आणि पंख्याच्या पात्याला एक काळा ओरखडा होता, रबरासारखा. हेल्मेटचा असेल, हँडलचा असेल, कण्हेरीच्या चिकाचाही असेल. त्यानं तो नखानं खरवडला नाही. तुटका हात पट्टी लावून सांधला, जुना बोर्ड काढून कागदात बांधला. नवा बसवायला घेतला. एक टाका दोनदा झाळावा लागला. मोटरी, नवी बॅटरी, दिशा दाखवणारं छोटं होकायंत्र, जागा ओळखणारी पट्टी, सगळं जोडून त्यानं पंखे न लावताच ड्रोन चालू केला. मग होकायंत्राची दिशा जुळवून घेण्यासाठी तो हातात धरून सगळ्या बाजूंना फिरवू लागला, उताणा, पालथा, आडवा. नुकतंच न्हाऊ घातलेलं लेकरू कोरडं करावं तसा.

"त्या दिवशी काय झालं होतं, मी कधी विचारलं नाही," सुमती सूप खाली ठेवून म्हणाली. "विचारू का आता?"

"सांगीन. पहिले हे होऊ दे."

"कोणाले लागलं होतं का?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. सुमतीनं सूप परत उचललं, पण पाखडायचं मात्र तिला जमेना.

या वेळी त्यानं जागा नीट बघितली. कळमेश्वरकडं रोहितच्या मामाचं वावर होतं, तुरी निघून मोकळं झालेलं. आसपास रस्ता नाही, वस्ती नाही, आणि ड्रोनच्या नकाशात तो भाग उडवायला मोकळा दाखवत होता. प्रेमानंदनं ते तीनदा तपासलं. रविवारी सकाळी तो एकटाच गेला. धसकटांत एक पांढरं पोतं अंथरलं, त्यावर ड्रोन ठेवला, वीस पावलं मागं आला.

मोटरी सुरू झाल्या. तोच आवाज. चार वर्षं मिक्सरमध्ये, पंख्यात, जेवताखाता ऐकलेला. ड्रोन कमरेइतका उचलला गेला आणि तिथंच थांबला, कोणी दोरीनं टांगून ठेवावा तसा. वारा आला की किंचित कलायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. नवा बोर्ड चोख तोलत होता. पुढं नेला, मागं आणला, वळवला. सगळं हाताबरहुकूम.

खरी परीक्षा बाकी होती. ड्रोन उंच नेऊन शंभर पावलं दूर ठेवायचा आणि रिमोट बंद करायचा. प्रेमानंदनं बटणावर अंगठा ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. बांधावरच्या बाभळीवर दोन साळुंक्या भांडत होत्या. पाच मिनिटं तो तसाच उभा राहिला आणि तिकडं बॅटरी उतरत होती. शेवटी त्यानं डोळे मिटून बटण दाबलं.

रिमोटचा दिवा गेला. ड्रोन जिथं होता तिथं. एक. दोन. तीन. काहीच होईना. प्रेमानंदच्या तोंडून आपोआप निघालं, "ये. ये ना गा." चौथ्या क्षणाला ड्रोन थोडा वर चढला, त्याच्याकडं तोंड वळवलं आणि सरळ येऊ लागला. डोक्यावर येऊन थांबला, सावकाश खाली आला आणि पांढऱ्या पोत्यावर, एका वितीच्या फरकानं उतरला. मोटरी थांबल्या.

हाच बोर्ड त्या दिवशी असता तर रामाजी आज ट्रक चालवत असता. प्रेमानंद धसकटांतच बसला. बऱ्याच वेळानं त्याला कळलं, आपण रडतोय.

पुढच्या रविवारी तो रामाजीला दुचाकीवर मागं बसवून त्याच वावरात घेऊन गेला. एक चीज दाखवायची आहे, एवढंच सांगितलं होतं. रामाजी खुशीत होता. वाटेभर गोदामाच्या मालकाच्या गमती सांगत आला. वावरात पोचल्यावर प्रेमानंदनं त्याला बांधावर बाभळीच्या सावलीत बसवलं, वावराकडं पाठ करून.

"मी म्हणीन तोवर वळू नका रामाजीभाऊ."

"काय जादू करून राहिले का?" रामाजी हसला.

प्रेमानंद लांब गेला. ड्रोन उडवला, चांगला उंच नेला, आणि मग रामाजीच्या मागच्या बाजूनं, बरंच अंतर ठेवून, हळूहळू खाली आणू लागला. मनातल्या मनात तो एकच घोकत होता. नाही म्हण. हा नाही म्हण.

रामाजीनं आधी मान वाकडी केली, दूरची हाक ऐकावी तशी. मग त्याचे दोन्ही हात झटकन डोक्यावर गेले आणि तो बांधावरून घसरत खाली मातीत बसला, गुडघ्यात तोंड घालून.

"हाच!" तो ओरडला. "हाच, हाच गा! आला! आला पाहा तो!"

प्रेमानंदनं ड्रोन तिथल्या तिथं उतरवला आणि धावत गेला. रामाजी अजून गुडघ्यात तोंड घालून होता. पण त्यानं मान वर केली तेव्हा तोंडावर भीती नव्हती, भलतंच काहीतरी होतं.

"तुमाले आला ना आवाज? तुमी ऐकला ना?"

"ऐकला."

"म्हणजे असते तो. खरा असते."

"रामाजीभाऊ, तो माहा होता. त्या दिवशी रोडवर. माह्या हातातून सुटला अन् तुमच्यावर आला. मले माहीत होतं तो बोर्ड खराब आहे, तरी उडवला. हे चार वर्षं मी कोणाले सांगितलं नाही."

 रामाजी मातीला हात टेकून उठला, पाय ओढत ड्रोनपाशी गेला, खाली वाकून एका बोटानं त्याचा पंखा फिरवला.

"एवढुसा?" तो म्हणाला.

 प्रेमानंदला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. रामाजीनं हात उगारला नाही. त्यानं मफलर झटकून मानेला गुंडाळला आणि म्हणाला, "चाल. रुख्मिणीले सांग." येताना तो अहो-जाहो करत होता, आता एकदम अरे-तुरेवर आला.

रामाजीची भाड्याची खोली वाडीतच, ट्रकांच्या गॅरेजमागच्या चाळीत होती. त्याची बायको रुख्मिणी दारात मेथी निवडत बसली होती. प्रेमानंदनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती मेथी निवडतच राहिली, काड्या एकीकडं, पानं एकीकडं. शेवटी तिनं मान वर केली.

"तुमी तिथं आले होते? हे पडले तेव्हा?"

"हो."

"मंग उचललं काहून नाही?"

प्रेमानंदला वाटलं होतं ती ड्रोनबद्दल विचारेल, परवानगीबद्दल विचारेल. त्यानं उत्तरं जुळवून ठेवली होती.  या प्रश्नाचं उत्तर त्यानं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

"लोक म्हणाले, पिऊन आहे," तो म्हणाला. "अन् मले बरं वाटलं."

रुख्मिणीचे हात थांबले.  मग ती उठली आणि चाळीकडं तोंड करून तिनं हाक मारली. "धोंडबा! अरे धोंडबा, इकडं ये. सुनेले घेऊन ये. समोरच्या बायजाबाईलेही बोलाव." आणि प्रेमानंदकडं वळून म्हणाली, "आत्ता मले जे सांगितलं ते यांच्यासमोर सांगा. बरं वाटलं ते पण सांगा."

धोंडबा तिचा भाऊ, सोंग काहून करता म्हणणारा. तो आला, त्याची सून आली, बायजाबाई आली, तिच्यामागं आणखी सात-आठ जण आले. प्रेमानंद दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं पहिल्यापासून सांगितलं. बोर्ड दोनदा अडकला होता ते, कुंपणाखालून गेला ते, कण्हेरीतली शिट्टी, दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आला ते. बरं वाटलं तेही. आवाज मध्येच गेला, तेव्हा थांबून पुन्हा सुरुवात केली. रामाजी आत खाटेवर बसून ऐकत होता. मधेमधे तो मान हलवायचा, स्वतःचीच गोष्ट कोणीतरी बरोबर सांगतंय तसा.

"पोलिसात द्याले पाह्यजे याले," धोंडबा शेवटी म्हणाला. रामाजीकडं मात्र त्याला बघवत नव्हतं.

"चला. मी येतो," प्रेमानंद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी प्रेमानंद, रामाजी आणि धोंडबा खरंच गेले. जमादारानं चार वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून कपाळाला आठ्या घातल्या, अर्ज लिहून घेतला, प्रेमानंदची सही घेतली आणि ठाण्यातून बोलावणं येईल म्हणाला. ते अजून आलेलं नाही. प्रेमानंद रोज त्याची वाट बघतो. पण ती गोष्ट पुढची. त्या दुपारी चाळीतली माणसं पांगली, बायजाबाई जाताना रामाजीच्या खाटेपाशी थांबून काहीतरी पुटपुटली, आणि दारात रुख्मिणी आणि प्रेमानंद दोघंच उरले.

"आता तुमी जा," ती आतल्या खाटेकडं बघत म्हणाली. "ह्यायले बरं वाटलं. मले नाही वाटलं."

घरी येऊन त्यानं सुमतीला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मेथी निवडत होती म्हणाले ना तुमी? एकटीच राहते का दिवसभर?" पुढच्या आठवड्यात ती एकटीच त्या चाळीत जाऊन आली. 

मार्चात त्या बियाण्याच्या गोदामाचा काटा पुन्हा तपासायचा होता. फाटकावर तीन ट्रकचालक चहा पीत उभे होते आणि रामाजी मधोमध खुर्ची टाकून हातवारे करत होता. त्याला आता आवाज येतो की नाही, हे विचारायची प्रेमानंदची हिंमत झाली नव्हती. चेहरा मात्र भरल्यासारखा दिसत होता.

"अन् वरून आला तो, घारीएवढा नाही, गिधाडाएवढा!" रामाजी सांगत होता. "चार चार पंखे! मी मान वर केली अन् धाड! लोक म्हणे पिऊन पडला. आता बोला!"

"काहीही फेकता चाचा," एक चालक हसला.

"फेकतो? हा पाहा, आलाच माणूस." रामाजीनं फाटकाकडं बोट केलं. "याचाच होता. विचार त्याले."

तिन्ही चालकांनी वळून बघितलं. प्रेमानंदनं दुचाकी उभी केली, हेल्मेट काढलं. असं त्याला याआधी दोनदा विचारून झालं होतं, एकदा चहाच्या टपरीवर आणि एकदा भर बाजारात.

"हाव," तो म्हणाला. "माहाच होता."

रामाजीनं वही उघडली, त्याचं नाव लिहिलं, वेळ टाकली आणि सहीसाठी पेन पुढं केला.